सोनोग्राफी यंत्राच्या विक्रेत्याची नैतिक जबाबदारी : महाराष्ट्रातील गर्भलिंगनिदानविरोधी लढ्याचा एक ऐतिहासिक अभ्यास (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेने मराठवाड्यासमोर एक अस्वस्थ करणारा आकडा ठेवला. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या केवळ ८०७ होती. २००१ मध्ये हीच संख्या ८९४ होती. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील प्रमाण याच दहा वर्षांत ८९० वरून ८५८ पर्यंत, तर जालना जिल्ह्यातील प्रमाण ९०३ वरून ८७० पर्यंत घसरले. निसर्गतः दर हजार मुलांमागे सुमारे ९५० मुली जन्मास येतात, हे लक्षात घेतल्यास या आकड्यांचा अर्थ सांगण्यास भाष्याची गरज उरत नाही.

या घसरणीची चर्चा करताना सामान्यतः तीन घटकांकडे बोट दाखवले जाते : मुलाचा आग्रह धरणारे कुटुंब, पैशासाठी गर्भलिंग सांगणारा डॉक्टर आणि कायद्याची अंमलबजावणी न करणारी शासकीय यंत्रणा. चौथा घटक मात्र दीर्घकाळ चर्चेबाहेर राहिला. ज्या यंत्राच्या साहाय्याने गर्भाचे लिंग पाहिले गेले, ते यंत्र कोणी विकले, कोणाला विकले आणि विकताना त्याला काय ठाऊक होते, हा प्रश्न कायद्याने प्रत्यक्षात विचारला तो २००३ मध्ये. महाराष्ट्राचा पहिला कायदा त्यापूर्वी पंधरा वर्षे झालेला होता. हा विलंब का झाला आणि त्यातून विक्रेत्याच्या नैतिक जबाबदारीविषयी कोणते तत्त्व हाती लागते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यांच्या इतिहासात यंत्रविक्रेत्याचे स्थान कसे बदलत गेले ते पाहणे.
२) वस्तूच्या दुरुपयोगाबाबत विक्रेत्याची जबाबदारी कोणत्या निकषांवर ठरवता येते, याचा विचार करणे.
३) मराठवाड्याच्या अनुभवाच्या आधारे या निकषांच्या मर्यादा तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी जनगणनेची आकडेवारी, संबंधित कायदे व नियम आणि न्यायालयीन निर्णय या साधनांचा आधार घेतला असून ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

परंपरेतील विचार : निषिद्ध व्यापार

विक्रेत्याच्या नैतिक जबाबदारीचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. बौद्ध परंपरेत उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार, असे ते पाच होत. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविकेचा अर्थ या निषेधातून स्पष्ट होतो. जैन परंपरेने श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांतही विषवाणिज्याचा समावेश आहे. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांच्या परिसरात हे दोन्ही विचार शतकानुशतके नांदले. प्राचीन व्यापारी मार्गांवर उभ्या राहिलेल्या पश्चिम भारतातील लेण्यांना व्यापारी वर्गाने दाने दिली, हे शिलालेखांवरून ज्ञात आहे. म्हणजे व्यापार आणि नीती यांचा संबंध या भूमीत केवळ ग्रंथांपुरता राहिला नव्हता.

तथापि या परंपरेची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. तिने वस्तूंची यादी केली. विष वाईट, म्हणून विषाचा व्यापार वर्ज्य, असा तिचा युक्तिवाद आहे. जी वस्तू स्वतः हितकारक आहे पण जिचा घातक वापर होऊ शकतो, तिच्या विक्रेत्याने काय करावे, याचे थेट उत्तर या यादीत सापडत नाही. सोनोग्राफी यंत्र याच प्रकारात मोडते. १९५८ मध्ये ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रीरोगनिदानातील ध्वनिलहरींच्या वापराविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून या तंत्राने गर्भातील व्यंग, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, वारेची धोकादायक स्थिती यांचे निदान सुलभ करून असंख्य मातांचे प्राण वाचवले आहेत. असे यंत्र विकणे कोणत्याही नीतिशास्त्रानुसार निषिद्ध ठरणार नाही. म्हणूनच येथे वस्तूचा निकष पुरत नाही आणि दुसरा निकष शोधावा लागतो.

पहिला टप्पा : सेवेची विक्री आणि १९८८ चा कायदा

भारतात गर्भलिंगनिदानासाठी प्रथम वापरली गेली ती गर्भजल परीक्षा. आनुवंशिक दोष शोधण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या मध्यास आलेल्या या परीक्षेचा वापर लिंगनिवडीसाठी होत असल्याचे दिसून आल्यावर १९७८ मध्ये केंद्र शासनाने शासकीय संस्थांमध्ये तिला मनाई केली. मनाई केवळ शासकीय संस्थांपुरती असल्याने ही परीक्षा खासगी क्षेत्रात गेली आणि तेथे ती उघडपणे विकली जाऊ लागली. आज परीक्षेवर थोडा खर्च करून उद्याचा हुंड्याचा मोठा खर्च वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती ऐंशीच्या दशकात झळकत होत्या. १९८६ मध्ये महाराष्ट्र शासनासाठी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी करण्यात आली. त्यांतील ४२ जण लिंग जाणून घेण्यासाठी ही परीक्षा करीत असल्याचे तीत आढळले.

याच काळात मुंबईत स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन गर्भलिंगनिदानाविरुद्ध मंच स्थापन केला. या चळवळीच्या दबावामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये प्रसूतिपूर्व निदान तंत्राच्या वापराचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा केला. त्याच धर्तीवर संसदेने १९९४ मध्ये केंद्रीय कायदा संमत केला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला.

या दोन्ही कायद्यांची रचना गर्भजल परीक्षेच्या अनुभवातून घडली होती. त्या परीक्षेत विकली जाते ती डॉक्टरची सेवा. सुई आणि प्रयोगशाळेतील साहित्य विकणाऱ्याला जबाबदार धरावे, असा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. त्यामुळे कायद्याने नोंदणी मागितली ती केंद्रांची, जाहिरातबंदी घातली ती सेवेच्या जाहिरातींवर आणि शिक्षा सांगितली ती तज्ज्ञांना व परीक्षेची मागणी करणाऱ्यांना. यंत्राचा विक्रेता या चित्रात नव्हता.

दुसरा टप्पा : यंत्राची बाजारपेठ

कायदा तयार होत असतानाच तंत्रज्ञान बदलले. गर्भजल परीक्षेची जागा सोनोग्राफीने घेतली. या बदलाचा अर्थ केवळ वैद्यकीय नव्हता. गर्भजल परीक्षेसाठी कौशल्य, प्रयोगशाळा आणि निकालाची प्रतीक्षा आवश्यक होती. सोनोग्राफीत पडद्यावर दिसते ते त्याच क्षणी सांगता येते. त्यासाठी लेखी अहवाल लागत नाही, एखादा शब्द वा सूचक खूणही पुरते. पुरावा मागे न राहणाऱ्या या कृतीची एकच गोष्ट ठामपणे नोंदवता येण्याजोगी उरते. ती म्हणजे यंत्र आणि त्याची विक्री.

१९९१ नंतरच्या उदारीकरणात वैद्यकीय उपकरणांची बाजारपेठ विस्तारली. आंतरराष्ट्रीय कंपन्यांनी भारतीय भागीदारांसह उत्पादन व वितरण सुरू केले. विप्रो जीई या संयुक्त कंपनीची स्थापना १९९० मध्ये झाली. यंत्रे आकाराने लहान, किमतीने आवाक्यातील आणि हप्त्यांवर मिळू लागल्याने ती महानगरांतून जिल्ह्याच्या आणि पुढे तालुक्याच्या गावी पोहोचली. मराठवाड्यातील रुग्ण उपचारासाठी परंपरेने औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाकडे येत असत. आता निदानाची सोय गावाजवळ झाली. अडलेल्या बाळंतिणीसाठी ती वरदान ठरली, हे नाकारता येत नाही. परंतु १९९६ पासून कायदा अमलात असूनही सोनोग्राफी करणारी बहुसंख्य केंद्रे नोंदणीबाहेर होती. आपण आनुवंशिक चिकित्सालय चालवीत नाही, म्हणून कायदा आपल्याला लागू नाही, असा अनेकांचा बचाव होता. विक्रेत्यांवर तर नोंदणी तपासण्याचे कोणतेच बंधन नव्हते.

तिसरा टप्पा : न्यायालय विक्रेत्याकडे वळते

फेब्रुवारी २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. कायदा असूनही त्याची अंमलबजावणी होत नाही, ही तिची मुख्य तक्रार होती. ४ मे २००१ रोजी न्यायालयाने केंद्र व राज्य शासनांना अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले. तरीही नोंदणी नसलेली केंद्रे शोधायची कशी, हा व्यावहारिक प्रश्न शिल्लक राहिला. जिल्हा यंत्रणेकडे यंत्रांची यादीच नव्हती.

ही यादी एका ठिकाणी मात्र उपलब्ध होती. ती विक्रेत्यांच्या हिशेबवह्यांत होती. सुनावणीच्या पुढील टप्प्यात न्यायालयाने नऊ कंपन्यांना मागील पाच वर्षांत विकलेल्या यंत्रांची व ग्राहकांची माहिती सादर करण्यास सांगितले. त्यातून सुमारे ११,२०० यंत्रांची माहिती एकत्र झाली आणि संबंधित राज्यांकडे कारवाईसाठी पाठवण्यात आली. डॉक्टरांच्या तीन राष्ट्रीय संघटनांकडूनही यंत्रे वापरणाऱ्या सदस्यांची माहिती मागवण्यात आली.

या घटनेचे महत्त्व विशेष आहे. शासनाला जे ठाऊक नव्हते ते विक्रेत्याला ठाऊक होते. यंत्र कोणत्या गावी, कोणाच्या नावावर, किती हप्त्यांवर गेले आणि त्याची दुरुस्ती कोठे होते, हे सर्व कंपनीच्या दप्तरी होते. वस्तू हातावेगळी झाली की विक्रेत्याचा संबंध संपतो, हा समज या माहितीने खोटा ठरवला. देखभाल, सुटे भाग आणि वसुली यांमुळे सोनोग्राफी यंत्राचा विक्रेता ग्राहकाशी वर्षानुवर्षे जोडलेला राहतो.

२००२ मध्ये संमत झालेली दुरुस्ती १४ फेब्रुवारी २००३ पासून अमलात आली. तिने कायद्यात कलम ३-ब समाविष्ट केले आणि नोंदणी नसलेल्या कोणासही गर्भाचे लिंग ओळखू शकणारे यंत्र विकण्यास मनाई केली. नियम ३-अ नुसार उत्पादक, आयातदार, वितरक आणि पुरवठादार या सर्वांवर तीन बंधने आली. नोंदणी नसलेल्यास यंत्र विकू, भाड्याने देऊ वा वापरू देऊ नये. ज्यांना यंत्रे दिली त्यांची यादी दर तीन महिन्यांनी राज्यातील समुचित प्राधिकाऱ्याकडे व केंद्र शासनाकडे पाठवावी. तसेच या यंत्राचा वापर लिंगनिदानासाठी होणार नाही, असे शपथपत्र ग्राहकाकडून घ्यावे. याचिकेचा अंतिम निर्णय १० सप्टेंबर २००३ रोजी झाला.

जबाबदारीचे दोन निकष : ज्ञान आणि सामर्थ्य

विक्रेत्याची नैतिक जबाबदारी ठरवण्याचा प्रश्न जगाच्या इतिहासात अत्यंत भीषण स्वरूपात एकदा उभा राहिला होता. झायक्लॉन बी हे उवा व कीटक मारण्याचे औषध हॅम्बुर्ग येथील टेश अँड स्टाबेनो ही संस्था पुरवीत असे. जहाजे, गोदामे आणि कपडे यांच्या निर्जंतुकीकरणासाठी ते वैध होते. तेच नाझी छळछावण्यांत माणसे मारण्यासाठी वापरले गेले. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे संस्थेचा मालक ब्रुनो टेश, त्याचा सहायक कार्ल वाइनबाखर आणि तंत्रज्ञ योआखिम ड्रोसिन यांच्यावर खटला चालला. औषध घातक आहे काय, हा मुद्दा नव्हताच. ते कशासाठी वापरले जात आहे हे विक्रेत्याला ठाऊक होते काय, हा मुद्दा होता. पहिल्या दोघांना मृत्युदंड झाला. तंत्रज्ञ मात्र निर्दोष सुटला, कारण पुरवठा करावा की थांबवावा हे ठरवण्याचे अधिकार त्याच्याकडे नव्हते.

या खटल्याची आणि सोनोग्राफी यंत्राच्या विक्रीची नैतिक बरोबरी करणे अनुचित ठरेल. येथे त्यातील तर्क महत्त्वाचा आहे. त्यातून दोन निकष स्पष्ट होतात. पहिला ज्ञानाचा, म्हणजे विक्रेत्याला दुरुपयोग ठाऊक होता काय. दुसरा सामर्थ्याचा, म्हणजे तो विक्री रोखू शकत होता काय. हे दोन्ही निकष लावल्यास विक्रेत्याच्या नेहमीच्या बचावांचे परीक्षण करता येते.

पहिला बचाव, यंत्र तटस्थ आहे. हे खरे असले तरी उत्तर म्हणून ते अपुरे आहे, कारण जबाबदारी यंत्राची नसून विकणाऱ्याच्या ज्ञानाची आहे. १९८८ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात या यंत्राचा कोणता दुरुपयोग होऊ शकतो हे ठाऊक नसल्याचे कोणताही विक्रेता प्रामाणिकपणे सांगू शकत नव्हता.

दुसरा बचाव, आपण कायद्याचे पालन केले. परंतु १९९६ ते २००३ या काळात विक्रेत्यावर कायदेशीर बंधनच नव्हते. याच काळातील विक्रीचा हिशेब न्यायालयाला मागावा लागला. कायदा नसताना नोंदणीचा कागद पाहण्यास कोणी मनाई केली नव्हती. कायद्याची उणीव ही नीतीची सुटी नव्हे.

तिसरा बचाव, आपण विकले नाही तर दुसरा विकेल. या युक्तिवादाने कोणत्याही साखळीतील प्रत्येक दुवा निर्दोष ठरतो आणि अखेरीस जबाबदार कोणीच उरत नाही. शिवाय बाजार मोजक्या कंपन्यांच्या हाती असताना हा बचाव आणखी दुबळा होतो. नऊ कंपन्यांच्या दप्तरांतून सुमारे ११,२०० यंत्रांचा माग लागतो, याचा अर्थ त्यांनी एकत्रित ठरवले असते तर विक्रीची शिस्त कायद्यापूर्वीच लावता आली असती. अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २००७ मध्ये भारतातील सोनोग्राफी यंत्रांच्या विक्रीवर सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यानंतर या प्रश्नाची दखल भारताबाहेरही घेतली गेली.

मराठवाड्याचा अनुभव आणि कायद्याच्या मर्यादा

२००३ च्या दुरुस्तीनंतरच्या दशकातच बीडचा आकडा ८०७ वर आला, हे वास्तव नजरेआड करता येत नाही. शपथपत्र घेतले म्हणजे विक्रेता मुक्त झाला, असा अर्थ लावला गेल्यास नियमाचा हेतूच पराभूत होतो. दंडव्यवस्थेतही असमतोल आहे. नियमभंग करणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. विक्रेत्यासाठी मात्र स्वतंत्र शिक्षा नाही. अन्यत्र शिक्षा न सांगितलेल्या भंगासाठी असलेले कलम २५ त्याला लागू होते आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, एवढीच तरतूद आहे. लाखो रुपयांच्या व्यवहारात हजार रुपयांच्या दंडाचा धाक तो किती?

२०१२ च्या मे महिन्यात परळी वैजनाथ येथे गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला आणि जिल्ह्यातील परिस्थिती राज्यासमोर उघड झाली. या प्रकरणात २०१९ मध्ये न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला दोषी ठरवले. त्याच सुमारास हाताने वाहून नेण्याजोग्या लहान यंत्रांचा धोका ओळखून २०१२ मध्ये त्यांच्या वापरावर नियमांद्वारे निर्बंध घालण्यात आले. तरीही मे २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर शहरातील गारखेडा परिसरात निवासी सदनिकेत अवैध गर्भलिंगनिदान होत असल्याचे महापालिका व पोलीस यांच्या कारवाईत समोर आले. रुग्णालय नाही, फलक नाही, नोंदणी नाही, अशा ठिकाणी यंत्र पोहोचते तेव्हा ते कोणाच्या तरी हातून पोहोचलेले असते. जुन्या यंत्रांची फेरविक्री आणि नोंदीविना होणारी खरेदी हा या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा होय.

यंत्रावरच देखरेख ठेवण्याचा एक प्रयोग कोल्हापुरात झाला. तत्कालीन जिल्हाधिकारी व साहित्यिक लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने तेथील सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडण्यात आले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते फेटाळले. प्रामाणिक डॉक्टरांवर संशय घेतला जातो आणि कागदोपत्री चुकांसाठी यंत्रे मोहरबंद होतात, ही तज्ज्ञांची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती. ग्रामीण भागातील गर्भवतींना सोनोग्राफी सहज मिळणे तितकेच निकडीचे आहे. म्हणून यंत्रे कमी करणे हा उपाय नव्हे. प्रत्येक यंत्राचा मालक आणि ठिकाण ज्ञात असणे हा उपाय आहे आणि तेथेच विक्रेत्याचे कर्तव्य सुरू होते.

विक्रेत्याची व्याख्याही पुढे विस्तारली. इंटरनेटवरील शोधसेवांतून लिंगनिवडीच्या जाहिराती दिसत असल्याबद्दल डॉ. साबू जॉर्ज यांनी २००८ मध्ये याचिका केली. गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांना अशा जाहिराती रोखण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले आणि डिसेंबर २०१७ मध्ये या याचिकेचा निकाल लागला. आपण केवळ माध्यम आहोत, हा त्यांचा बचाव ‘यंत्र तटस्थ आहे’ या जुन्या बचावाचाच नवा अवतार होता.

निष्कर्ष

१) निषिद्ध वस्तूंची यादी करणारा पारंपरिक विचार हितकारक पण दुरुपयोगक्षम वस्तूंच्या बाबतीत अपुरा पडतो. तेथे विक्रेत्याचे ज्ञान आणि सामर्थ्य हे निकष लावावे लागतात.

२) कायद्याने प्रथम सेवा देणाऱ्याला आणि पंधरा वर्षांनंतर यंत्र विकणाऱ्याला जबाबदार धरले. तंत्रज्ञान बदलले तरी कायद्याच्या डोळ्यासमोर जुनेच तंत्र राहिले, हे या विलंबाचे प्रमुख कारण होय.

३) विक्रेत्याच्या जबाबदारीचा सर्वांत ठोस पुरावा त्याच्याच दप्तरात असतो. जो ग्राहकाकडून हप्ता वसूल करू शकतो, तो ग्राहकाची नोंदणीही तपासू शकतो.

४) विक्रेत्याची जबाबदारी मान्य केल्याने डॉक्टरची वा कुटुंबाची जबाबदारी कमी होत नाही. मुलगी नको म्हणणारे घर कोणत्याही विक्रेत्याने निर्माण केलेले नाही. तथापि त्या घराची इच्छा काही मिनिटांत पूर्ण करणारे साधन ज्याने नोंद न पाहता दारापर्यंत पोहोचवले, त्याला त्या परिणामापासून अलिप्त राहता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील जन्मवेळचे लिंग गुणोत्तर २०१५-१६ मधील ९२४ वरून २०१९-२१ मध्ये ९१३ वर आले. हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही, एवढे यावरून स्पष्ट होते. बीडच्या ८०७ या आकड्यात ज्या मुली दिसत नाहीत, त्यांचा हिशेब प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत सापडणार नाही. त्याची काही पाने यंत्रांच्या विक्रीच्या वह्यांत आहेत. त्या वह्या वेळेवर उघडल्या जाव्यात आणि त्या उघडण्याची वेळ न्यायालयावर येऊ नये, हीच विक्रेत्याच्या नैतिक जबाबदारीची खरी कसोटी होय.